जुन्या स्ट्रॅटचा आवाज हवाय, तर पिकअप कुठला घ्यावा?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. गिटार स्ट्रॅट, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या धाटणीची, इंडोनेशियात बनलेली, आतले पिकअप (तारेच्या हलण्यातून विजेचा सिग्नल काढणारे भाग) सिरॅमिक मॅग्नेटचे. तुम्हाला हवाय साठच्या दशकातल्या स्ट्रॅटचा आवाज, स्वच्छ, खणखणीत आणि तरी कानाला गोड लागणारा. प्रत्यक्षात ब्रिजवर, म्हणजे तारा बांधलेल्या टोकाजवळच्या पिकअपवर, आवाज चिरका येतो आणि नेकवर, म्हणजे गिटारच्या मानेजवळच्या पिकअपवर, गढूळ. दुकानदाराने ‘विंटेज हॉट’ नावाचा ९.५ के चा सेट दाखवलाय, त्याची किंमत गिटारच्या निम्म्याहून जास्त आहे. तो घ्यावा, की ६ के वाला साधा सेट घ्यावा, आणि मॅग्नेट अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा मिश्रधातू) २ ग्रेडचा असावा की ५, हा प्रश्न. वाजवणं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी, गिटारच्या इफेक्ट प्रोसेसरवर, आणि अधूनमधून गणपतीत, ऑर्केस्ट्रात.

९.५ के चा सेट घेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. बाकीचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. तुमची केबल किती लांब आहे, आवाज शेवटी कुठल्या स्पीकरमधून बाहेर पडतो, व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे पॉट किती किलोओहमचे आहेत, आणि घरात अर्थिंग आहे की नाही. मी ग्वाल्हेरमध्येच गिटार आणि ॲम्प दुरुस्त करतो. पिकअप बदलून द्या म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गिटारी पिकअप न बदलता परत जातात आणि वाजवणारा खूश असतो. तुमच्या बाबतीत मात्र मला वाटतं की दोन तक्रारींची दोन वेगळी कारणं आहेत. नेकचा गढूळपणा काही अंशी पिकअपचा आहे. ब्रिजचा चिरकेपणा बहुधा पिकअपचा नाही, आणि तो नव्या सेटने जाणार नाही.

आधी त्या ‘के’बद्दल, कारण सगळा गोंधळ तिथे सुरू होतो. हा आकडा म्हणजे पिकअपमधल्या कॉइलच्या वायरचा डीसी रेझिस्टन्स, किलोओहममध्ये. मल्टिमीटरच्या दोन पिना टेकवल्या की मिळतो, म्हणून सगळे तोच सांगतात. त्यावरून कळतं ते इतकंच, की वायर किती लांब आणि किती जाड आहे. ४२ गेजच्या वायरचे आठ हजार वेढे घालून ६ के येत असतील, तर त्याहून बारीक ४३ गेजच्या वायरचे तेवढेच वेढे घातल्यावर मीटर साडेसात दाखवेल. जोर जवळपास तोच राहतो. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारचा पारंपरिक नेक पिकअप ४३ गेजचा असतो. मीटरवर तो तगडा दिसतो आणि कानाला मवाळ लागतो.

शिवाय आपल्या गावचं हवामान लक्षात घ्या. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशाला बरोबर ६ के असलेला पिकअप जानेवारीत ८ अंशाच्या सकाळी ५.७ दाखवेल, आणि मे महिन्याच्या ४४ अंशाच्या दुपारी साडेसहाच्या वर जाईल. आवाज दोन्ही वेळेला तोच. म्हणून ५.८ चा घ्यावा की ६.२ चा, यावर कोणी वाद घालत असेल तर त्यात वेळ घालवू नका.

आवाज ठरवणारी गोष्ट वेगळी आहे. मॅग्नेट तारेला चुंबकीय करतो, तार हलली की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचा भाग कोणी सांगत नाही. कॉइलला इंडक्टन्स असतो, तो हेन्रीमध्ये मोजतात. केबलला कॅपॅसिटन्स असतो, साधारण मीटरला १०० पिकोफॅरड. हे दोन्ही मिळून एका ठराविक फ्रिक्वेन्सीवर आवाज उचलून धरतात, आणि तिच्या वरचं सगळं झपाट्याने कापून टाकतात. ते शिखर कुठे बसतं, यालाच आपला कान पिकअपचा स्वभाव म्हणतो.

जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकअपचा इंडक्टन्स २.२ ते २.५ हेन्री असतो. पाच मीटर केबल लावली की त्याचं शिखर साधारण ४.२ किलोहर्ट्झवर येतं. गिब्सनच्या जुन्या ‘पीएएफ’ हमबकरचा (हमबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप; स्ट्रॅटचा एका, सिंगल कॉइलचा) सुमारे ४.४ हेन्री, त्याच केबलवर शिखर ३.१ किलोहर्ट्झच्या आसपास. जोरदार सिरॅमिक हमबकर ८ हेन्रीच्या पुढे जातो, तिथे शिखर २.३ पर्यंत उतरतं. आता तुमच्या दुकानदाराचा ९.५ के चा सिंगल कॉइल बघा. एवढा आकडा आणायला बारीक वायरचे पुष्कळ जास्त वेढे घालावे लागतात, आणि इंडक्टन्स हमबकरच्या पंक्तीत जाऊन बसतो. मधल्या पट्ट्या फुगतात, वरची चमक जाते. गेन लावून सोलो वाजवायला तो छान पिकअप असेल, पण जुन्या स्ट्रॅटपासून तो तुम्हाला लांब नेईल. जुना स्ट्रॅट पिकअप कमी ताकदीचा असतो आणि त्याचा आवाज त्या कमी ताकदीमुळेच तसा आहे. ‘विंटेज’ आणि ‘हॉट’ हे दोन शब्द एका डब्यावर दिसले की मी डबा खाली ठेवतो.

जुना आवाज म्हणजे एकच एक ठरलेला आवाज असतो, असंही समजू नका. स्ट्रॅट १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनहून बाजारात आली. बॉबिन मशीनवर फिरायची, पण वायर हाताने सोडायची, आणि कामगाराच्या बोटांच्या ताणावर वेढे ठरायचे. ॲबिगेल इबारा या बाई १९५६ पासून फेंडरच्या कारखान्यात हे काम करत आणि पुढे त्यांच्या हातचे पिकअप लोक नावाने मागायला लागले. एकाच वर्षाचे दोन पिकअप त्यामुळे तंतोतंत सारखे नसत. गिब्सनकडेही तेच. सेथ लव्हर यांच्या हमबकरचा पेटंट अर्ज १९५५ चा, गिटारींवर तो आला १९५७ मध्ये, आणि पेटंट मिळालं १९५९ मध्ये. ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा चिठ्ठीवरून त्याला पीएएफ म्हणतात. हाताशी असेल त्या ग्रेडचा अल्निको त्यात बसवला जायचा आणि रीडिंग ७ पासून ९ के पर्यंत काहीही निघायचं. तेव्हा कोणी ‘अगदी १९५९ चा आवाज’ असं विकत असेल, तर कुठल्या १९५९ चा, असा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आता तुमच्या चिरक्या ब्रिजकडे येऊ. तुम्ही प्रोसेसरमधून वाजवता. तो शेवटी कशाला जोडता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा तो कीबोर्डच्या ॲम्पला किंवा थेट पीएच्या, म्हणजे कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरांच्या, मिक्सरला जातो. गिटार ॲम्पचा बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही. कीबोर्डच्या ॲम्पमध्ये आणि पीएमध्ये ट्वीटर असतो, तो सगळं वाजवतो. प्रोसेसरमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे गिटार स्पीकरची नक्कल, बंद असेल तर ब्रिज पिकअप कानात टोचणारच, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. आज रात्रीच ते सेटिंग बघा. बंद असेल तर चालू करा आणि हाय कट ५ किलोहर्ट्झच्या आसपास आणा. माझ्या अंदाजाने तुमची अर्धी तक्रार तिथेच मिटेल.

दुसरं कारण स्ट्रॅटच्या वायरिंगमध्येच आहे. जुन्या पद्धतीत दोन टोन नॉब नेक आणि मिडलला असतात, ब्रिजला टोन नसतोच. काही नव्या गिटारींत हे बदललंय, पण तुमची तशी नसेल तर ब्रिजवर असताना टोनचे दोन्ही नॉब फिरवून काहीही फरक पडणार नाही. पाच पोझिशनच्या स्विचवर, टोनच्या बाजूला, ब्रिजचा पाय रिकामा असतो. मिडलच्या टोनच्या पायापासून तिथे बोटाच्या पेराएवढी वायर सोल्डर केली की तोच नॉब ब्रिजलाही लागू होतो. नॉब सातवर आणा आणि ऐका. डबीच्या आकाराचा आयात स्विच असेल तर त्याचे पाय एका ओळीत असतात. तिथे कुठला पाय कशाचा, हे आधी मीटरच्या बीपने ओळखून घ्या.

केबलचा मुद्दा मी एवढा लावून धरतोय, कारण तो मी रोज बघतो. हल्ली मुलं छोटा वायरलेस वापरतात. गिटारला बसणारा ट्रान्समीटर आला की केबल गेली, केबलबरोबर तिचा कॅपॅसिटन्सही गेला, आणि पिकअपचं शिखर वर सरकलं. साधी तीन मीटरची केबल असली तरी शिखर ५ किलोहर्ट्झच्या वर असतं, सहा मीटरला ते चारच्या खाली येतं. साठच्या दशकातले वादक लांब केबल वापरत. बरेच जण टेलिफोनसारखी कुरळी केबल वापरत, जिमी हेंड्रिक्सही त्यांतलाच. तिचा कॅपॅसिटन्स आणखी जास्त. आपण ज्या रेकॉर्डिंगच्या प्रेमात असतो, त्यांत ती केबल आहे.

मागे ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक मुलगा अशीच तक्रार घेऊन आला होता. त्याची गिटार टेबलावर ठेवली, जॅकची प्लेट सोडवली, आणि दोन मगर क्लिपांनी ४७० पिकोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर जॅकच्या सिग्नल आणि ग्राउंडच्या पायांवर अडकवला. त्याला म्हटलं, नेकवर एक कॉर्ड वाजवत राहा. तो वाजवत असताना मी क्लिप काढत आणि लावत होतो. लावली की पिक लागतानाची कचकच जायची आणि सूर भरल्यासारखा व्हायचा. तिसऱ्यांदा काढल्यावर त्याने वाजवणं थांबवलं आणि म्हणाला, दादा, ती लावलेलीच राहू द्या. त्या कॅपॅसिटरची किंमत चहापेक्षा कमी. पिकअप आजही तेच आहेत.

हाच प्रयोग तुम्ही करा, आणि त्याच बैठकीत दुसराही करा. पिकगार्ड उघडून व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर काय छापलंय ते बघा. ‘ए २५०’ म्हणजे २५० किलोओहम, लॉग. ‘बी ५००’ म्हणजे ५०० किलोओहम, लिनिअर. पिकअप जोडलेला असताना पॉट मीटरने मोजू नका, रीडिंग पिकअपचंच येईल. सिंगल कॉइलला २५० लागतो, हमबकरला ५००. स्वस्त गिटारींत कधीकधी जो मिळेल तो पॉट घातलेला असतो. ५०० असेल तर त्याच्या दोन्ही टोकांच्या पायांवर ४७० किलोओहमचा साधा रेझिस्टर आडवा लावा. दोन्ही मिळून २४० च्या आसपास होतात आणि शिखराची धार बोथट होते. आवडलं तर नंतर चांगला २५० चा लॉग पॉट घाला. पॉटच्या आकड्यात वीस टक्के इकडेतिकडे चालतं, त्यामुळे २५० छापलेला पॉट २०० चाही निघू शकतो आणि ३०० चाही. दोन पॉट हातात असतील तर मोजून घ्या. चिरक्या गिटारला कमी किलोओहमचा बसवा, मंद गिटारला जास्तीचा.

टोनच्या कॅपॅसिटरवर मात्र पैसे घालू नका. जुन्या तेलाच्या, कागदाच्या कॅपॅसिटरला लोक भलती किंमत देतात. पन्नासच्या दशकातल्या स्ट्रॅटमध्ये ०.१ मायक्रोफॅरड होता, हल्ली ०.०२२ किंवा ०.०४७ घालतात. नॉब पूर्ण खाली आणल्यावर हा फरक ऐकू येतो. नॉब दहावर असताना जवळपास काहीच नाही. मायक्रोफॅरडचा आकडा सारखा असला तर आत कागद आहे की पॉलिएस्टर, याने माझ्या कानाला कधी फरक पडलेला नाही.

आता नेकचा गढूळपणा. तुमचे पिकअप पालथे करून बघा. तळाशी एक चपटी काळसर पट्टी चिकटवलेली दिसेल, तो सिरॅमिक मॅग्नेट. वर दिसणारे सहा खांब नुसते स्टीलचे आहेत. जुन्या पिकअपमध्ये पट्टी नसते, ते सहा खांबच अल्निकोचे मॅग्नेट असतात. स्टीलच्या खांबांमुळे इंडक्टन्स वाढतो आणि शिखर बुटकं होतं. नेकवर तार लांब हेलकावते, खर्ज आधीच भरपूर असतो, त्यामुळे तिथे हा फरक जास्त जाणवतो. सिरॅमिक म्हणजे वाईट असं अजिबात नाही, पण तुम्हाला हव्या असलेल्या आवाजाच्या आड तो येतोय, हे खरं. म्हणून नेकसाठी पिकअप बदलण्याचा तुमचा विचार मला पटतो.

पण त्याआधी उंची. तानपुऱ्याच्या जवारीतला दोरा केसभर सरकवला की आवाज जसा एकदम उघडतो, तसा पिकअपचा स्क्रू अर्धा फेरा फिरवल्याने फरक पडतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून खांबाच्या माथ्यापर्यंत शाळेच्या पट्टीने मोजा. अल्निकोच्या खांबांना जाड ‘ई’ तारेकडे २.४ मिलिमीटर आणि बारीक ‘ई’ तारेकडे २ मिलिमीटर ही सुरुवात चांगली. नेक त्याहूनही थोडा खाली ठेवायला मी घाबरत नाही. आवाज लहान होईल, तो प्रोसेसरमध्ये वाढवता येतो. गढूळपणा मात्र बटणाने काढता येत नाही. अल्निको ५ चे खांब तारेच्या फार जवळ आले की तारेला ओढतात. जाड ई वर बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर डगमगतो, एकाच तारेतून दोन सूर आल्यासारखे वाटतात, आणि इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटांवरचा सूर, काही केल्या बसत नाही. नवे पिकअप घालून ‘गिटार बेसूर झाली’ म्हणून येणाऱ्यांत हे कारण वारंवार सापडतं. पिकअप खाली घेतला की सूर जागेवर येतो.

इथपर्यंतचं सगळं मिळून खर्च थोडक्या रुपयांचा आहे. स्पीकरचं सेटिंग, ब्रिजचा टोन, कॅपॅसिटरचा आणि रेझिस्टरचा प्रयोग, उंची. हे करून झाल्यावर नेक आणि मिडल ऐका. अजूनही कमी वाटलं तर सेट घ्या, आणि तेव्हा घ्यायचा तो असा.

अल्निको ५ चे खांब, ४२ गेजची वायर, नेक आणि मिडल ५.६ ते ६.२ के, ब्रिज हवा तर ६.५ पर्यंत, इंडक्टन्स अडीच हेन्रीच्या आत. साठच्या दशकातल्या स्ट्रॅट बहुतेक अल्निको ५ च्याच होत्या, त्यामुळे २ की ५ या तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर ५. अल्निको २ चा मॅग्नेट कमजोर. पिक लागताक्षणीचा आघात मऊ होतो, खर्ज सैल पडतो, तार ओढली जात नाही. तुम्ही जाड पिकने जोरात वाजवत असाल आणि सगळं करूनही नेक टोचत असेल, तर फक्त नेकला अल्निको २ किंवा ३ घालून बघण्यात अर्थ आहे. फेंडरचा ५७/६२ आणि सेमूर डंकनचा एसएसएल-१ ही या घराण्यातली नेहमीची नावं. टेक्सस स्पेशल जास्त वेढ्यांचा आहे, तो वेगळ्या कामाचा. हाताने पिकअप बांधून देणारे आता आपल्या देशातही आहेत. त्यांना नुसते ‘के’ विचारू नका. वायरचा गेज, मॅग्नेटचा ग्रेड, वेढे आणि हेन्री विचारा. एलसीआर मीटरवर मोजून हेन्री सांगणाऱ्या माणसावर मी भरवसा ठेवतो.

वायरचं इनॅमल कुठलं, यावर तासन्‌तास चर्चा चालते. स्ट्रॅटमध्ये साधारण १९६४ पर्यंत फॉर्मव्हार वायर होती, मग साधं इनॅमल आलं. १९५७ च्या आणि १९६५ च्या नावाच्या सेटमध्ये हा एक फरक असतो. तो फरक खरा आहे, पण वर सांगितलेल्या अर्ध्या फेऱ्याच्या फरकापेक्षा लहान आहे. दोन्हीपैकी जो स्वस्त मिळेल तो घ्या.

खांबांची उंची मात्र लक्ष देऊन निवडा. जुन्या पिकअपमध्ये ‘जी’, म्हणजे तिसऱ्या तारेचा खांब सगळ्यात उंच असतो, कारण तेव्हाच्या तारांच्या सेटमध्ये तिसरी तार गुंडाळलेली असायची आणि तिचा आवाज लहान यायचा. आज तुमच्या ०.००९ किंवा ०.०१० इंची तारांच्या सेटमध्ये तिसरी तार साधी आहे. तिच्याखाली तो उंच खांब आला की ती एकटीच किंचाळते आणि शेजारची ‘बी’ तार दबते. मला विचाराल तर सपाट खांबांचा किंवा आजच्या तारांच्या हिशेबाने बसवलेला सेट घ्या. दिसायला अस्सल नसेल, पण कॉर्ड वाजवल्यावर सहाही तारा सारख्या बोलतील. खांबांमधलं अंतरही मोजून घ्या. पहिल्या ते सहाव्या खांबाच्या मध्यापर्यंत, कुठे ५० मिलिमीटर असतं तर कुठे ५२ च्या वर. पिकगार्डची भोकं आणि कव्हर जुळलं नाही की ऐनवेळी कानस घेऊन बसावं लागतं.

मिडल पिकअप उलट वाइंडिंग आणि उलट पोलॅरिटीचाच घ्या. पन्नास-साठच्या दशकातल्या स्ट्रॅटमध्ये तो तसा नव्हता आणि पाच पोझिशनचा स्विचही १९७७ मध्ये आला, हे मला माहीत आहे. तरीही घ्या, कारण आपली वीज आणि आपली घरं. दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला ५० हर्ट्झची घरघर त्यामुळे जवळपास नाहीशी होते, आणि आवाजात मला तोटा ऐकू येत नाही. फक्त नेकच बदलणार असाल तर जुन्या मिडलशी तो जुळतो का, हे सोल्डर करण्याआधी तपासा. खांबावर होकायंत्र धरलं की उत्तर की दक्षिण ते कळतं. मग सुईचा मल्टिमीटर सगळ्यात खालच्या व्होल्ट किंवा मायक्रोॲम्पच्या रेंजवर लावा, स्क्रूड्रायव्हर खांबांवर चटकन टेकवा आणि सुई कुठल्या दिशेला उडते ते बघा. त्याच पिना तशाच ठेवून जुन्या पिकअपवरही बघा. पोलॅरिटी सारखी असेल तर सुई एकाच बाजूला उडायला हवी, पोलॅरिटी उलट असेल तर वाइंडिंगही उलट असल्याने तरीही एकाच बाजूला. वेगवेगळ्या बाजूंना उडाली तर दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ आणि नाकातला येईल. मग नव्या पिकअपच्या दोन वायर अदलाबदल करून जोडायच्या.

आता घरघरीबद्दल, कारण सिंगल कॉइल ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात वापरायचा म्हणजे हा विषय निघणारच. डेझर्ट कूलरची मोटर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, आणि वीज गेल्यावर चालणारा स्वस्त इन्व्हर्टर, या तिघांचा आवाज पिकअप उचलतो. चौकोनी लहर देणाऱ्या इन्व्हर्टरवर तर गुणगुण न राहता करवतीसारखी कर्कश होते. परीक्षा सोपी आहे. गिटार हातात धरून जागच्या जागी काटकोनात वळा. आवाज कमी-जास्त झाला तर तो मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा. त्यावर तांब्याच्या फॉइलचा इलाज चालत नाही, तुम्हीच लांब बसा. तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला तर तो विद्युत क्षेत्राचा, त्याला आतून फॉइल लावून ते ग्राउंडला जोडल्याने फरक पडतो. लष्करमधल्या जुन्या वाड्यांत बऱ्याच ठिकाणी तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसरी पिन कुठेच जोडलेली नसते. तारांना हात लावून माइकला ओठ लागल्यावर झिणझिणी येत असेल, तर गिटार बाजूला ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे काम आवाजाच्या आधीचं आहे.

घरी कूलर बंद ठेवणं शक्य नसेल आणि ऑर्केस्ट्रातही लायटिंगवाल्यांच्या डिमरशेजारीच उभं राहावं लागत असेल, तर नॉइजलेस, म्हणजे एकावर एक दोन कॉइलवाला पिकअप घेण्यात कमीपणा नाही. थोडी चमक जाते. गाण्याच्या मधल्या शांत जागेत घरघर ऐकू येण्यापेक्षा ते बरं. फक्त तिन्ही नॉइजलेस घ्या, मिसळ करू नका. आणि पिकअप मेण पाजलेलेच घ्या. मेण नसलेला स्टेजवर मोठ्या आवाजात शीळ घालतो.

जुने पिकअप काढाल ते फेकू नका. कुठला नेकचा, कुठला ब्रिजचा, कुठली वायर सिग्नलची आणि कुठली ग्राउंडची, हे चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवा, आणि वायरिंग उघडण्याआधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढा. प्रोसेसर कशाला जोडता, केबल किती मीटरची आहे आणि पॉटच्या पाठीवर काय छापलंय, एवढं कळवलंत तर नेकला अल्निको ५ च ठेवायचा की नाही, हे मला जास्त खात्रीने सांगता येईल.